शेणातील विषाणू आणि रोगाचे कारण : गोवंशातील आंत्रविषाणूंच्या शोधनाची व वर्गीकरणाची चिकित्सा

सारांश : वासरांच्या हगवणीसंबंधीच्या संशोधनात शेणाच्या नमुन्यात विषाणू सापडणे आणि तो विषाणू रोगाचे कारण असणे या दोन विधानांची वारंवार गल्लत होते. विषाणूच्या शोधनाची साधने व त्याच्या वर्गीकरणाच्या पद्धती या गल्लतीस कशा कारणीभूत ठरतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. रोटाव्हायरस, गोवंशीय कोरोनाव्हायरस व पेस्टिव्हायरस यांची उदाहरणे त्यासाठी घेतली आहेत.

बीजशब्द : आंत्रविषाणू, वासरांची हगवण, रोटाव्हायरस, जनुकप्ररूप, कार्यकारणभाव.

१. प्रास्ताविक

जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात वासराला लागणारी हगवण ही गोपालकाच्या नित्य परिचयाची आपत्ती होय. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १९.२५ कोटी गोवंशीय जनावरे आणि सुमारे १०.९८ कोटी म्हशी होत्या. एवढ्या मोठ्या पशुधनाच्या देशात या रोगाच्या कारणांचा शोध हा केवळ प्रयोगशाळेचा प्रश्न राहत नाही. वासरू दगावले की दुधाचा एक वेत काही प्रमाणात वाया जातो आणि उद्याची गाय कायमची गमावली जाते.

या विषयावरील शोधनिबंधांचा एक ठरावीक आकृतिबंध दिसून येतो. हगवण लागलेल्या अमुक इतक्या वासरांच्या शेणाचे नमुने गोळा केले. अमुक पद्धतीने ते तपासले. त्यांतील अमुक टक्के नमुन्यांत रोटाव्हायरस आढळला. यास्तव रोटाव्हायरस हे त्या प्रदेशातील हगवणीचे प्रमुख कारण होय. या मांडणीतील पहिली तीन विधाने निरीक्षणाची आहेत. चौथे विधान अनुमानाचे आहे, आणि त्यापूर्वी येणाऱ्या ‘यास्तव’ या शब्दाला आधीच्या तीन विधानांचा आधार पुरत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा एक शब्द आहे. तो कोणत्या अटींवर लिहिता येतो, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

२. साधनागणिक बदलणारा विषाणू

विषाणू डोळ्यांना दिसत नाही. तो साधनाच्या द्वारे कळतो. म्हणून ‘विषाणू आढळला’ या वाक्याचा अर्थ साधनागणिक बदलतो. आंत्रविषाणूंच्या अभ्यासाचा इतिहास याची साक्ष देतो.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेशीसंवर्धनाचे तंत्र हाती आले, तेव्हा गुरांच्या शेणातून अनेक विषाणू वेगळे करता आले. ते काचपात्रातील पेशींचा नाश करीत, परंतु ज्या जनावरांतून ते मिळाले त्यांतील पुष्कळशी धडधाकट होती. रोगाशी नाते न जुळलेल्या या विषाणूंना तत्कालीन संशोधकांनी ‘अनाथ’ असे विशेषण लावले. आज त्यांची गणना एन्टेरोव्हायरस या प्रजातीत होते. हे ‘अनाथ’ विशेषण वैज्ञानिक प्रामाणिकपणाचे द्योतक होते, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. विषाणू सापडला, रोग सापडला नाही, अशी स्पष्ट कबुली त्यात होती.

याउलट वासरांना खरोखर आजारी पाडणारे अनेक विषाणू पेशीसंवर्धनात वाढत नव्हते. ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसले. या टप्प्यावर वर्गीकरणाचा आधार आकृती हा झाला. चाकासारखा दिसणारा तो रोटाव्हायरस. भोवती मुकुटासारखी प्रभावळ असलेला तो कोरोनाव्हायरस. ज्यांची आकृती ओळखीची नव्हती त्यांना गावांची नावे मिळाली. अमेरिकेतील आयोवा राज्यात ब्रेडा या गावी १९७९ मध्ये सापडलेला तो ब्रेडा विषाणू. इंग्लंडमधील न्यूबरीचे ते न्यूबरी घटक क्रमांक १ व २. पुढे जनुकक्रम उपलब्ध झाल्यावर ब्रेडा विषाणू टोरोव्हायरस ठरला. न्यूबरीचे दोन घटक तर एकमेकांपासून इतके दूरचे निघाले, की एक नेबोव्हायरस आणि दुसरा नोरोव्हायरस अशा भिन्न प्रजातींत विभागला गेला. ‘लहान, गोल विषाणू’ हे वर्णन दोघांनाही लागू पडत होते. त्यांचे नाते मात्र त्या वर्णनातून कळत नव्हते.

भारतातील प्रयोगशाळांत दीर्घकाळ प्रचलित असलेली पद्धत म्हणजे पॉलिअॅक्रिलामाइड जेलवरील विद्युत्संचलन व रौप्यरंजन. रोटाव्हायरसचा जनुकसंच दुपेडी आरएनएच्या अकरा खंडांचा असतो. विद्युत्प्रवाहात हे खंड लांबीनुसार वेगवेगळे सरकतात आणि जेलवर पट्ट्यांचा एक आकृतिबंध उमटतो. सस्तन प्राण्यांतील ‘अ’ गटाच्या रोटाव्हायरसचा आकृतिबंध ४-२-३-२ असा, ‘ब’ गटाचा ४-२-२-३ असा, तर ‘क’ गटाचा ४-३-२-२ असा असतो. पद्धत स्वस्त आहे. तथापि नमुन्यात विषाणूंची संख्या पुरेशी मोठी असल्याशिवाय पट्ट्या दिसत नाहीत.

त्यानंतर एलायझा चाचणी प्रचलित झाली. ती अधिक संवेदनशील आहे आणि एकाच वेळी अनेक नमुने हाताळते. परंतु तयार मिळणाऱ्या बहुतेक चाचण्या ‘अ’ गटाच्या व्हीपी६ या प्रथिनास ओळखतात. ‘ब’ किंवा ‘क’ गटाचा रोटाव्हायरस असलेला नमुना या चाचणीत ‘नकारात्मक’ ठरतो. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जुनी, कमी संवेदनशील मानली गेलेली जेलपद्धती ज्या गटांची चाहूल देऊ शकते, ते गट नव्या व अधिक संवेदनशील चाचणीच्या दृष्टिक्षेपाबाहेर राहतात. साधनाची संवेदनशीलता आणि साधनाची व्याप्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पीसीआर तंत्राने संवेदनशीलतेची सीमा आणखी पुढे नेली. विषाणूच्या जनुकाच्या अत्यल्प प्रती असल्या तरी त्या वाढवून दाखविता येतात. पण येथेही प्रारंभक कोणत्या जनुकक्रमावर बेतले आहेत, त्यावर निष्कर्ष अवलंबून असतो. जे शोधायचे ठरविले तेच सापडते. आणि ज्याच्या अत्यल्प प्रती सापडल्या तो विषाणू आतड्यात वाढत होता, की आठवड्यापूर्वी येऊन गेलेल्या संसर्गाचा अवशेष होता, हे केवळ ‘सकारात्मक’ या शब्दावरून कळत नाही.

या पार्श्वभूमीवर निरनिराळ्या प्रदेशांतील निरनिराळ्या पद्धतींनी काढलेली टक्केवारी एकाच तक्त्यात शेजारी मांडून ‘येथे प्रादुर्भाव अधिक, तेथे कमी’ असे म्हणणे कितपत ग्राह्य आहे? प्रस्तुत लेखकाच्या मते अशा तक्त्यात प्रदेशांतील भेदांइतकाच साधनांतील भेद प्रतिबिंबित झालेला असतो. साधन न सांगता दिलेली टक्केवारी अपुरी आहे. साधन सांगून परंतु त्याची मर्यादा न सांगता दिलेली टक्केवारी दिशाभूल करणारी ठरते.

३. उपस्थिती आणि कार्यकारणभाव

१९६९ मध्ये अमेरिकेच्या नेब्रास्का विद्यापीठात चार्ल्स मेबस व त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांच्या हगवणीतील विषाणूविषयी जे संशोधन प्रसिद्ध केले, ते आजही आदर्शवत् आहे. त्यांनी शेणातील विषाणू केवळ दाखविला नाही. प्रत्यक्ष साथीतील विषाणू निरोगी वासरांना देऊन त्यांच्यात हगवण पुन्हा उत्पन्न केली. नंतर रोटाव्हायरस या नावाने ओळखला गेलेला हाच तो विषाणू. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात रूथ बिशप व सहकाऱ्यांना अतिसार झालेल्या बालकांच्या आतड्यात तसेच कण दिसले, त्यापूर्वी चार वर्षे वासरांच्या बाबतीत कार्यकारणभाव प्रस्थापित झालेला होता. रॉबर्ट कॉख यांच्या निकषांना विषाणूंच्या संदर्भात १९३७ मध्ये टॉमस रिव्हर्स यांनी जे रूप दिले, त्याच्याशी हे संशोधन सुसंगत होते.

रोटाव्हायरस वासराला हगवण लावू शकतो, हे त्यामुळे निर्विवाद आहे. परंतु ‘लावू शकतो’ आणि ‘या वासराला त्यानेच लावली’ यांत अंतर आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. हगवण लागलेल्या १०० वासरांपैकी ३० वासरांत विषाणू आढळला, असे समजू. शोधनिबंध येथेच थांबला तर ३० टक्के हगवण विषाणूजन्य आहे, असे वाटते. आता त्याच गोठ्यांतील, त्याच वयाची १०० निरोगी वासरे तपासली आणि त्यांतील २७ वासरांतही तोच विषाणू आढळला, तर पहिल्या आकड्याचा अर्थ पार बदलतो. निरोगी वासरांत तो केवळ तिघांत आढळला, तर पहिल्या आकड्याला वजन येते. म्हणजे तीस या आकड्याचा अर्थ तीस या आकड्यात नाही. तो न तपासलेल्या निरोगी वासरांत आहे. असे असूनही निरोगी वासरांचा तुलनागट अनेक पाहणी-निबंधांत आढळत नाही. पाहणीचा खर्च त्यामुळे वाढतो, हे खरे. पण तुलनागटाशिवाय केलेला खर्चही वाया जातो.

याला आणखी एक बाजू आहे. वासरांच्या हगवणीमागे बहुधा एकच घटक नसतो. पहिल्या चार-पाच दिवसांत विषकारी ई. कोलाय जिवाणू, त्यानंतरच्या दोन आठवड्यांत रोटाव्हायरस व कोरोनाव्हायरस, पहिल्या ते चौथ्या आठवड्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा आदिजीव, अशी वयपरत्वे कारणांची स्थूल विभागणी दिसते आणि या अवधी एकमेकांत मिसळतात. शिवाय गाईच्या वारेतून गर्भाला प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती सर्वस्वी चिकातून मिळतात, आणि चिकातील प्रतिपिंडे शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर सुमारे एका दिवसात संपते. वेळेवर चीक न मिळालेल्या वासराच्या शेणात विषाणू सापडला, तर कारण कोणते? विषाणू, की न पाजलेला चीक? प्रयोगशाळेच्या अहवालात पहिल्याचे नाव येते, कारण त्याची चाचणी केली होती. दुसऱ्याची चौकशीच झालेली नसते.

उपस्थिती व रोग यांतील नाते किती गुंतागुंतीचे असू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बोव्हाइन व्हायरल डायरिया हा विकार. १९४६ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल येथील संशोधकांनी त्याचे वर्णन केले. याचा पेस्टिव्हायरस गर्भारपणाच्या सुमारे पहिल्या चार महिन्यांत गर्भापर्यंत पोहोचला, तर गर्भाची रोगप्रतिकार यंत्रणा त्याला परका समजत नाही. असे वासरू जन्मभर विषाणू बाहेर टाकीत राहते, प्रतिपिंडे मात्र निर्माण करीत नाही. प्रतिपिंडांची चाचणी केली तर कळपातील सर्वांत धोकादायक जनावर ‘नकारात्मक’ ठरते आणि संसर्गातून बरे झालेली निर्धोक जनावरे ‘सकारात्मक’ ठरतात. चाचणीत दोष नसतो. चाचणीचा अर्थ लावताना जीवशास्त्र विसरले जाते, हा दोष असतो.

४. वर्गीकरण : नाव आणि नाते

रोटाव्हायरसच्या वर्गीकरणात दीर्घकाळ दोन बाह्य प्रथिनांना प्राधान्य होते. व्हीपी७ या प्रथिनावरून ‘जी’ प्ररूप आणि व्हीपी४ या प्रथिनावरून ‘पी’ प्ररूप ठरते. गुरांत जी६, जी८, जी१० आणि पी[१], पी[५], पी[११] ही प्ररूपे प्रामुख्याने आढळतात. संरक्षक प्रतिपिंडे याच दोन प्रथिनांविरुद्ध तयार होत असल्याने लसीच्या दृष्टीने ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु ती अकरा खंडांपैकी दोनच खंडांकडे पाहते. एकाच पेशीत दोन भिन्न रोटाव्हायरस शिरले, तर त्यांच्या खंडांची अदलाबदल होऊ शकते. अशा वेळी बाहेरून ‘गोवंशीय’ दिसणारा विषाणू आतून मानवी असू शकतो, आणि याउलटही घडते. ही उणीव ओळखून २००८ मध्ये मॅथिसेन्स व सहकाऱ्यांनी अकराही खंडांच्या जनुकप्ररूपांवर आधारित वर्गीकरण मांडले. प्रत्येक खंडासाठी साम्याची एक टक्केवारी निश्चित केली. व्हीपी७ साठी ती ८० टक्के आहे. ही प्रगती नि:संशय स्वागतार्ह आहे. मात्र सीमारेषा संख्याशास्त्राने आखली आहे, निसर्गाने नव्हे, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

वर्गीकरणाचा प्रश्न केवळ पशुवैद्यकापुरता नाही, हे भारतातील दोन विषाणूंवरून स्पष्ट होते. १९८० च्या दशकात दिल्लीत नवजात बालकांत ११६ई हा विषाणू आणि बंगळूर येथे नवजातांतच आय३२१ हा विषाणू मिळाला. ती बालके आजारी नव्हती. ११६ई मध्ये मानवी जनुकसंचात पी[११] प्ररूपाचा एक गोवंशीय खंड आढळला. आय३२१ मध्ये नऊ खंड गोवंशीय आणि दोन मानवी आढळले. रोग न करणारा म्हणून लक्ष वेधून घेतलेल्या ११६ई पासूनच पुढे रोटाव्हॅक ही लस तयार झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटासिल या लसीचा पायाही गोवंशीय आहे. वासरांतून मिळालेल्या ‘यूके’ या जी६पी[५] विषाणूच्या जनुकसंचावर मानवी प्ररूपांचे व्हीपी७ चे खंड बसवून ती सिद्ध झाली. गोठ्यातील विषाणूंचे वर्गीकरण अशा प्रकारे बालकांच्या लसीकरणाशी जोडलेले आहे.

मात्र याच कुळकथेत वर्गीकरणाची मर्यादाही दडलेली आहे. तमिळनाडूतील वेल्लोर येथे नवजात बालकांत जी१०पी[११] प्ररूपाचा रोटाव्हायरस आढळला. काही बालकांना त्याने अतिसार झाला, काहींना काहीच झाले नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात या दोन्ही गटांतील विषाणूंच्या जनुकसंचांत भेद आढळला नाही. विषाणूचे संपूर्ण नाव, गाव आणि अकराही खंड माहीत असूनही बालक आजारी पडेल की नाही, हे त्यातून सांगता आले नाही. रोग हा विषाणूचा गुणधर्म नसून विषाणू, शरीर व परिस्थिती यांच्या संबंधाचा परिणाम आहे. वर्गीकरण त्यांतील एकाच घटकाचे होते.

नामकरणाच्या ताज्या फेररचनेतही हा पेच कायम आहे. विषाणुवर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२१ मध्ये विषाणूंच्या जातींसाठी द्विनाम पद्धत स्वीकारली. २०२२ मध्ये जुने रिओव्हिरिडी कुल मोडून रोटाव्हायरस सेडोरिओव्हिरिडी या कुलात गेला. ‘अ’ गटाच्या रोटाव्हायरसला आता रोटाव्हायरस अल्फागॅस्ट्रोएन्टेरायटिडिस असे नाव आहे. म्हणजे जठरांत्रदाह हा त्याच्या नावाचाच भाग झाला आहे. वासरांना हगवण लावणारा कोरोनाव्हायरस ज्या जातीत मोडतो तिचे नाव बीटाकोरोनाव्हायरस ग्रॅव्हेडिनिस. या लॅटिन पदाचा अर्थ पडशाशी निगडित आहे, कारण माणसात पडसे उत्पन्न करणारा ओसी४३ हा विषाणू याच जातीतील आहे. २००५ मधील एका अभ्यासाने ओसी४३ हा १८९० च्या सुमारास गुरांतून माणसांत आला असावा, असे अनुमान मांडले. मूळ यजमान गाय आणि नाव माणसाच्या पडशाचे! हाच विषाणू वासरांत हगवण, प्रौढ गाईंत हिवाळी रक्तातिसार आणि सर्व वयांत श्वसनविकार उत्पन्न करतो. मग त्याला ‘आंत्रविषाणू’ तरी का म्हणावे? आपण त्याला प्रथम शेणात शोधले, एवढेच त्याचे उत्तर आहे. जनुकक्रमावर आधारलेल्या वर्गीकरणाला रोगवाचक नावे देताना उपस्थिती आणि कारण यांची तीच जुनी गल्लत मागील दाराने आत येते.

५. बुळकांडीचा धडा

शोधन व वर्गीकरण निरर्थक आहे, असा या विवेचनाचा अर्थ काढू नये. बुळकांडीचे उदाहरण त्याविरुद्ध उभे आहे. या रोगाचा अभ्यास करण्यासाठीच १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था विकसित झाली. बुळकांडीचा विषाणू पचनमार्गाची हानी करून तीव्र हगवण लावीत असे. त्याच्या तीन वंशशाखा ओळखल्या गेल्या, पण प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने त्याचे प्ररूप एकच होते. म्हणून एकच लस सर्वत्र उपयोगी पडली. वंशशाखांच्या वर्गीकरणाने साथ कोठून आली याचा माग काढता आला. तोंडात व्रण व हगवण ही लक्षणे पेस्टिव्हायरसजन्य श्लेष्मलरोगातही दिसत असल्याने दोहोंतील फरक प्रयोगशाळेनेच सांगितला. २०११ मध्ये बुळकांडीच्या जागतिक निर्मूलनाची घोषणा झाली. येथे प्रत्येक चाचणी एका निर्णयाशी बांधलेली होती : लस टोचायची की नाही, हालचाल थांबवायची की नाही, साथ कोठून आली.

वासरांच्या हगवणीच्या पाहणीत हा दुवा बहुतेकदा निखळलेला असतो. प्ररूप कळले, पुढे काय? परदेशांत गाभण गाईला रोटाव्हायरस व कोरोनाव्हायरसची लस देऊन चिकातून वासराला संरक्षण देण्याची पद्धत आहे. अशा उपायाचा विचार करायचा असेल, तर आपल्या गोठ्यांत कोणती प्ररूपे फिरतात, हे कळणे अगत्याचे आहे. तो विचार नसेल, तर प्ररूपांची यादी ही केवळ यादी राहते.

६. अपेक्षा व निष्कर्ष

पाहणी-निबंध स्वीकारताना परीक्षकांनी व मार्गदर्शकांनी पुढील किमान बाबींचा आग्रह धरावा, असे सुचवावेसे वाटते. आजारी वासरांच्या सोबत त्याच वयाच्या, त्याच गोठ्यातील निरोगी वासरांचे नमुने असावेत. प्रत्येक वासराचे वय, हगवण सुरू होऊन लोटलेला काळ आणि चीक पाजल्याची वेळ नोंदलेली असावी. जिवाणू व आदिजीव यांचीही तपासणी व्हावी. ती शक्य नसल्यास निष्कर्ष तेवढाच मर्यादित ठेवावा. ‘विषाणू आढळला’ असे न लिहिता कोणत्या साधनाने, कोणता भाग, किती प्रमाणात आढळला, हे लिहावे. आणि प्ररूप ठरविले असल्यास ते कोणत्या निर्णयाला साहाय्यक होईल, हे एका वाक्यात तरी सांगावे. यांपैकी चीक व वय यांच्या नोंदीला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. गोपालकाशी बोलावे लागते.

शेणाच्या नमुन्यात आता पूर्वीपेक्षा अधिक विषाणू दिसू लागले आहेत आणि अनुक्रमणाची साधने स्वस्त होत जातील तसतसे ते आणखी दिसू लागतील. जपानमध्ये २००३ मध्ये गोवंशीय कोबुव्हायरस प्रथम मिळाला तो कोणा आजारी वासरात नव्हे, तर पेशीसंवर्धनाच्या माध्यमात. असे आणखी कितीतरी विषाणू यादीत येतील. प्रत्येकाला रोगाचे कारण ठरविण्याचा मोह होईल. १९५० च्या दशकातील संशोधकांनी आपल्या विषाणूंना ‘अनाथ’ म्हणण्याचा जो संयम दाखविला, तो आज अधिक आवश्यक आहे. वासराला वाचविणारा निर्णय बहुधा चीक, स्वच्छता आणि शरीरातील पाण्याची भरपाई यांबाबतचा असतो. प्रयोगशाळेने अकाली उच्चारलेल्या ‘यास्तव’ने गोपालकाचे लक्ष त्या निर्णयावरून ढळू नये, एवढी जबाबदारी संशोधकाने स्वीकारली पाहिजे.